क येईपर्यंत

आमच्या घरची लाईट कधी जायची नाही, हे माझ्या लहानपणीचं सगळ्यात मोठं दुःख. कोरपन्याकडे मामाच्या गावी गेलं की दिवेलागणीला हमखास वीज जायची, अंगणात खाटा पडायच्या, आणि अंधारात ज्याला जे वाटेल ते तो बोलायचा. कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं. आम्ही मात्र वीज जिथे तयार व्हायची तिथेच राहायचो, चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. तिथली ट्यूबलाईट संध्याकाळी लागली की जेवणं होईपर्यंत गुणगुणत जळत राहायची, आणि तिच्याखाली, उजेड बरोबर तोंडावर पडेल अशा बेताने ठेवलेल्या लाकडी स्टुलावर मी बसलेली असायचे. समोर पाटावर किशोर, माझा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याने बोलायला शिकावं म्हणून रोज माझं तोंड त्याच्यापुढे मांडून ठेवलेलं असायचं. बाहेर माझ्या मैत्रिणी लंगडी खेळायच्या, मग मोठ्या झाल्यावर टाकीजवळ उभ्या राहून खिदळायच्या, आणि मी आत बसून मनात म्हणायचे, एक दिवस तरी जाऊ दे ना ही लाईट. नाही गेली.

मीच का, तर नागपूरच्या बाईंनी तसं ठरवलं होतं. या बाई न ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या, आणि आई किशोरला घेऊन महिन्याकाठी बसने त्यांच्याकडे जायची. पहिल्याच खेपेला त्यांनी आम्हा सगळ्यांची तोंडं पाहिली. बाबांना भरघोस मिशी, वरचा ओठ दिसायचाच नाही, शिवाय त्यांच्या ड्यूटीच्या पाळ्या. आई भराभर आणि ओठ न हलवता बोलायची. तिच्या गावाकडच्या बायका मोठ्या माणसांसमोर तशाच बोलतात. मग बाईंनी माझी हनुवटी धरून खिडकीकडे वळवली, मला 'पतंग', 'बटाटा', 'माकड' म्हणायला लावलं आणि आईला म्हणाल्या, "हिचं तोंड स्वच्छ दिसतं. घरी हिलाच समोर बसवा." आईला एवढा आनंद झाला की परतताना बसस्टँडवर तिने मला आलूबोंडा घेऊन दिला. मी तो तर्रीत बुडवून मजेत खाल्ला. तो कशाबद्दल मिळाला होता ते पुढे कळलं.

बाईंचा दुसरा नियम हातांचा होता. पोराला खुणा करू द्यायच्या नाहीत, हाताने काम भागलं की जीभ आळशी होते, असं त्या म्हणायच्या. त्या काळी सगळेच तसं सांगायचे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आमच्या आईने त्या सांगण्याचा कायदा केला. "हात मांडीखाली," हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. किशोर बसायचा हात मांडीखाली दाबून, त्याच्या समोर मीही तशीच, आणि बाबा ड्यूटीवरून आले की त्यांनाही तेच. जेवणाची तर तऱ्हाच होती. घास चावताना बोलायचं नाही, कारण चावणारं तोंड किशोरला वाचता येत नाही. बोलायचं झालं तर घास गिळायचा, उजवा हात ताटाच्या काठाला चिकटवायचा, डावा मांडीखाली सरकवायचा, मान त्याच्याकडे वळवायची आणि मग म्हणायचं, "मीठ दे." तोवर लाखोळीचं वरण तसंच अळणी पोटात गेलेलं असायचं. आईच्या हातची पातोडी खाऊन शेजारणी वाहवा करायच्या, आणि आमच्या घरात ती मुकाट्याने खाल्ली जायची. मूल बोलावं म्हणून सगळं घर मुकं झालं होतं, पण हे आईला सांगायची कोणाची छाती नव्हती.

आईचंही चुकत नव्हतं, हे आज वयाच्या या टोकाला बसून मी म्हणू शकते. तिला एक काका होता, न ऐकणारा. गोठ्याशेजारच्या पडवीत तो राहायचा, बैलांचं सगळं करायचा. त्याला बोलवायचं तर लोक दुरून हात हलवायचे, बैलाला हाकलतात तसा. त्याला सगळे मुकाच म्हणायचे. तो वारला तेव्हा विहारात वंदनेच्या वेळी भन्तेजींनी त्याचं नाव विचारलं, आणि जमलेल्यांपैकी कोणालाच ते पटकन सांगता आलं नाही. आई तेव्हा लहान होती, पण ती शांतता तिच्या कानात बसली. "माह्या पोराले कोणी रस्त्यात नाव विचारलं त त्याले आपल्या तोंडानं सांगता आलं पायजे," ती म्हणायची. "हातवारे ढोरासाठी असते." आणि नेमकं त्या पोराचं नाव तिने ठेवलेलं होतं किशोर. तो ऐकत नाही हे कळायच्या कितीतरी आधी ठेवलेलं, हौसेने.

आता या नावाची अडचण सांगते. शाळेत वर्णमाला क पासून सुरू होते. आधी कंठातले वर्ण, मग टाळूचे, मग जीभ मागे वळवून काढायचे, मग दातांचे, आणि अगदी शेवटी ओठांचे. हा क्रम ज्याने कोणी लावला त्याला ऐकू येत होतं. न ऐकणाऱ्या मुलाला जिथे दिसतं तिथूनच सुरू करावं लागतं, म्हणजे ओठांपासून. आम्ही सगळी वर्णमाला उलटी शिकलो. पहिला आला प. मग बाईंनी दाखवलं की प, ब आणि म म्हणताना ओठ एकसारखेच मिटतात, नुसतं पाहून फरक कळत नाही. म्हणून ब साठी किशोरचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा, तिथे गुणगुण लागते, प ला लागत नाही. म साठी त्याचं बोट माझ्या नाकपुडीवर. फ साठी तोंडासमोर पतंगाच्या कागदाची पट्टी धरायची, ती फडकली की फ, नुसती हलली की प. पुढे कॉलेजात घोष, अघोष, अनुनासिक, महाप्राण हे शब्द मी पुस्तकात वाचले तेव्हा मला आधी माझ्या गळ्यावरचा तो घामेजलेला तळवा आठवला. चंद्रपूरचा उन्हाळा, कूलरचा ओला वास, आणि तासभर माझा गळा दुसऱ्याच्या हातात. मान हलवायची सोय नाही. खोकला आला तरी तो पोट्टा दचकून विचारणार, हे कोणतं अक्षर.

ओठांवरून दातांवर यायला एक हिवाळा गेला. त सोपा, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं दिसतं. ट साठी बाईंनी टाळूला मध लावायला सांगितला होता. आमच्याकडे मध कुठला, आईने गुळाचा चिकट खडा लावला आणि म्हणाली, जीभ वर वळवून चाट. ट, ठ, ड त्याला इतके आवडले की तो दिवसभर टकटकत फिरायचा. मग आम्ही येऊन अडकलो क पाशी. क होतो घशाच्या तोंडाशी, जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला चिकटतो आणि सुटतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मी आ वासून बसायचे, तो टॉर्च लावून आत बघायचा, आणि मला गाईच्या बाजारात उभं केल्यागत वाटायचं. बाईंनी युक्ती दिली, चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक खाली दाबून धरा आणि त म्हणायला लावा, आपोआप क निघेल. निघायचाही. चमचा काढला की गेला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून करून पोराचा घसा सोलला, पण त्याचं नाव तिशोरच राहिलं.

मी बारावीला होते त्या हिवाळ्यात मी आईला सांगितलं की मला नागपूरला हॉस्टेलवर राहून शिकायचं आहे. बाबा तयार होते. आई तव्यावर भाकर टाकत होती, तिने ती उलटवली, फुगू दिली, उतरवली, आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "जा ना. मी काऊन अडवू तुले. त्याले आपलं नाव घेता आलं की जा." मी म्हटलं, आणि नाही आलं तर. ती म्हणाली, "येते कसं नाई. तू नीट बसत नाई त्याच्यासमोर." झालं. त्या दिवसापासून माझं नागपूर माझ्या भावाच्या घशात जाऊन बसलं, आणि तिथे टॉर्च लावूनही काही दिसत नव्हतं.

त्या महिन्यांत मला घरात श्वास पुरेना. लोकांना वाटतं ऐकू न येणाऱ्या माणसाजवळ काय वाटेल ते बोलता येतं. आमच्याकडे उलटं होतं. किशोर मैदानाच्या पलीकडून माझे ओठ वाचायचा. मी आणि माझी मैत्रीण टाकीजला जायचं ठरवतोय हे त्याने एकदा गच्चीवरून वाचलं आणि धावत जाऊन आईला सांगितलं, "ताई टातीज." क सोडून बाकी सगळं बरोबर कळलं आईला. तोंड फिरवून बोलणं आमच्या घरात शिवी दिल्यासारखं होतं, म्हणून मनातलं काही पुटपुटायचं असलं की मी न्हाणीघरात जायचे आणि नळ सोडून भिंतीकडे तोंड करायचे. तिथे मी भावाला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याच्यावर जीव होता, आणि रागही तितकाच होता, दोन्ही एकाच वेळी.

मे महिन्यात कामगार दिनाला वीजकेंद्रात घरच्यांना आत नेऊन दाखवायचे. त्या वर्षी आई पहिल्यांदा आली. तिने ठेवणीतली जरीकाठी नेसली, आणि किशोरला सकाळपासून घोकवून घेतलं की कोणी नाव विचारलं तर घाई करायची नाही, जीभ मागे न्यायची. बाबा तेव्हा मिलवर होते, म्हणजे जिथे कोळसा दळून त्याचं पीठ करतात तिथे. त्या दिवशी त्यांची ड्यूटी होती, सुटले की ते आम्हाला येऊन मिळणार होते. आम्ही बायका-पोरं एका साहेबांच्या मागे लोखंडी जिन्याने वर गेलो. साहेबांचं माहिती सांगणं दारापर्यंतच ऐकू आलं. आत शिरलो आणि आवाजाने सगळ्यांची तोंडं बंद केली. तो आवाज कानात नव्हता, दातांत होता. बायका एकमेकींच्या कानात ओरडत होत्या आणि मग हसून नाद सोडत होत्या. आईने कोळशाच्या भुकटीसाठी पदर नाकातोंडावर घेतला होता.

किशोर लोखंडी कठड्याला दोन्ही तळवे लावून उभा होता. कंप त्याला आवडायचा, घरी भोंगा झाला की आमच्याआधी तो भिंतीला हात लावून सांगायचा. पण तो खाली बघत होता, बाबांकडे. बाबा मिलच्या एका टोकाला होते, दुसऱ्या टोकाला त्यांचा एक सोबती. मधे एवढं अंतर, एवढा गोंगाट, आणि दोघं आरामात बोलत होते. बाबांनी मुठीने तळव्यावर दोनदा आपटलं, त्याने बोट गोल फिरवलं, बाबांनी मान हलवून मनगटं एकमेकांवर आडवी धरली, तो काहीतरी चावट बोलला असावा, कारण बाबा मिशीतून हसले आणि हाताने त्याला उडवून लावलं. मी माझ्या बापाला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मग गेडाम भाऊ आले, बाबांना सोडवायला आलेले, पुढच्या पाळीचे. त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावला, तोच हात आपल्या छातीवर ठेवला, आणि मग बोट दाराकडे केलं. मी आलो, तू सूट. बाबांनी टॉवेलने मान पुसली आणि जागा सोडली.

ते वर आमच्याजवळ आले तेव्हा मला वाटलं किशोर खूश असेल. त्याने बाबांच्या पोटात बुक्की मारली. एक मारली, मग दोन्ही हातांनी मारत सुटला. तोंडाने काहीच बोलला नाही. बाबांनी त्याला अडवलंही नाही, नुसते उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरले नाही. मग किशोर वळला आणि गर्दीतून जिन्याकडे पळाला. आई जिन्याच्या मधल्या वळणावर होती, तीही इतका वेळ खाली बाबांकडेच बघत होती. तिने त्याला हाक मारली असणार, पदर हलताना दिसला, पण पदरामागचं तोंड त्याला दिसत नव्हतं आणि त्या गोंगाटात तिची हाक तिच्या स्वतःच्याही कानाला लागली नसेल. तो तिला ओलांडून लोखंडी पायऱ्यांवरून खाली चालला होता, उतरता उतरता वळून बघत. तेव्हा आईने हात वर केला आणि सगळा दंड हलवून त्याला बोलावलं. इकडे ये. तो थांबला. त्या हाताकडे बघत राहिला, आणि परत आला.

रात्री जेवायला आईने वडाभात केला होता. मग बाबांनी घास खाली ठेवला, मांडीखालचा हात काढला आणि किशोरला मुठीने तळव्यावर मारून दाखवलं, मग तोंडाने सांगितलं, "कोळसा ओला." किशोरने तसंच केलं. आई म्हणाली, "हात."

"तुले तिथी काऊन हात करा लागला?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"तिथी गोष्ट वेगळी होती. तो पडला असता."

"त्याच्यासाठी रोजच तिथल्यासारखं हाये."

"मी त्याले ढोरावानी नाई बोलावलं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मी तिला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही.

"मले मालूम हाये. मी बी पाळीभर तिथी हातानंच बोलतो. मी ढोर हाओ का? इथी येऊन तेच हात दाबून बसलो. पोट्ट्यानं मले मारलं, बराबर केलं त्यानं."

आईने सगळ्यांना पुन्हा भात वाढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्यूबलाईट लागली आणि ती मला म्हणाली, बस. मी बसले. चमचा, गुळण्या, टॉर्च, सगळं होतं तसंच. एवढाच फरक की बाबा घरी असले की ते आणि किशोर मागच्या अंगणात जायचे आणि तिथून हसण्याचा आवाज यायचा. आई दाराशी उभी राहून बघायची, मग आत यायची. माझा निकाल लागला, मी पास झाले, प्रवेशाचे दिवस संपत आले. बाबा एकदोनदा विषय काढायला गेले तर ती म्हणाली, "मी बोलली ते बोलली." माझी पेटी पलंगाखाली रिकामी पडून होती. मला वाटलं आता आपण इथेच, या स्टुलावर, म्हाताऱ्या होणार.

सांगून टाकते, किशोरला क आजवर आलेला नाही. चंद्रपुरात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, नाव विचारलं की तो न लाजता तिशोर म्हणतो आणि लोकांना कळतं. मी जन्मभर कॉलेजात ध्वनिविचार शिकवला, हजारदा फळ्यावर कंठ्य वर्ण लिहिले. आता तो मला मोबाईलवर व्हिडिओ लावतो, आम्ही हातांनी भांडतो. पण अजूनही अंधारात माझ्याने बोलवत नाही. घरात लाईट गेली की मी गप्प होते, सूनबाईला वाटतं मला भीती वाटते.

प्रवेशाचे दिवस संपत आले होते, तेव्हाची ही सकाळ. उन्हाळ्यात आई सकाळीही बसवायची. मी स्टुलावर, किशोर पाटावर, दोघांचे हात मांडीखाली, आणि मी क, क, क करत होते, माझाच आवाज मला नकोसा झाला होता. आई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले. उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी, नेमकी तशी, आमच्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणून मला वाटलं ती काही बोलणार. तिने माझ्या खांद्याला हात लावला. तोच हात आपल्या छातीवर ठेवला. मग दाराकडे बोट केलं.

मला कळायच्या आधी किशोरला कळलं. त्याने मांडीखालून हात काढले आणि मला तेच करून दाखवलं, छाती, दार, वर आणखी घाई कर अशी खूण. आई त्याला रागावली नाही. मी उठले तशी ती माझ्या जागी स्टुलावर बसली, उजेडाकडे तोंड केलं, आणि कधी नव्हे ते ओठ पूर्ण उघडून त्याच्याशी बोलायला लागली. मी पलंगाखालची पेटी ओढायला वाकले, पण कडी धरता येईना. इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या हातांना मुंग्या आल्या होत्या, आणि मी ते झटकत तशीच जमिनीवर बसून राहिले.